खेळायला सगळे, राबायला कोण? भिलाईतले पाच दिवस

भिलाईला फिरायला म्हणून कोणी जातं का, असं तुम्ही विचाराल. माझ्या ऑफिसातही सगळ्यांनी हेच विचारलं. सुट्टीच्या अर्जात मी "आत्याकडे जाते आहे" एवढंच लिहिलं होतं. खरं कारण सांगितलं असतं तर कोणाचा विश्वास बसला नसता. माझ्या आतेभावाला मोबाइल गेमच्या स्पर्धेसाठी स्वयंसेवक मिळत नव्हते आणि त्यानं मला मदतीला बोलावलं होतं.

"ताई, तू कंटेंट लिहितेस ना? एक भारी पोस्टर लिहून दे. पोरं धावत येतील," तो फोनवर म्हणाला. मलाही तसंच वाटलं. ते पोस्टर कसं आपटलं आणि मग माणसं कुठून जमली, ते सांगते. सांगता सांगता भिलाईही दाखवते, कारण ती माणसं आम्हाला या गावातून फिरतानाच मिळाली.

दरेकसाचं जंगल ओलांडून

नागपूरहून दुर्ग सुमारे २६५ किलोमीटर. गोंदिया सुटलं की थोड्या वेळानं दरेकसाचं जंगल लागतं, बोगदा येतो आणि महाराष्ट्र संपतो. डोंगरगडला गाडी थांबली की डोंगरावरचं बम्लेश्वरी देवीचं मंदिर दिसतं आणि डब्यातली निम्मी माणसं बसल्या जागी हात जोडतात. पुढे राजनांदगाव, मग शिवनाथ नदी आणि दुर्ग. भिलाई नगर आणि भिलाई पॉवर हाऊस अशी भिलाईची स्वतःची स्टेशनं आहेत, पण लांबच्या गाड्यांना दुर्गच सोयीचं पडतं. दुर्ग आणि भिलाई ही आता जोडगावंच झाली आहेत.

आमच्या घरासाठी ही वाट जुनी आहे. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ ला. म्हणजे तेव्हा विदर्भातल्या माणसाला भिलाई परराज्यात वाटत नव्हती. आत्याचे सासरे भंडाऱ्याहून इथे कामाला आले आणि इथलेच झाले. काकाही याच कारखान्यात लागले. ते पुढच्या वर्षी निवृत्त होतील.

भिलाईची टाउनशिप पाहिली नसेल तर एकदा पाहाच. रुंद रस्ते, दुतर्फा मोठी झाडं, क्रमांकानं ओळखले जाणारे सेक्टर, आणि प्रत्येक क्वार्टरच्या मागे पेरूचं नाहीतर शेवग्याचं झाड. संध्याकाळी सायकलींवरून, स्कूटरवरून शिफ्ट सुटते आणि रस्ता पाच मिनिटं भरून जातो. मग पुन्हा शांत.

आत्यानं दारातच विचारलं, "काहून गं, बीए झालीस, नोकरी लागली, आणि आता मोबाइलवर गोळ्या झाडणाऱ्या पोरांसाठी सुट्टी घेऊन आलीस?"

आत्याची भीती

आत्याचा राग मला समजत होता. तिच्या ओळखीतल्या एका घरातल्या मुलानं कॉलेजची फी मोबाइलवरच्या पैशांच्या खेळात घालवली होती. तेव्हापासून तिच्या दृष्टीनं सगळे गेम एकाच माळेचे मणी.

तुमच्याही घरात हा गोंधळ असेल, म्हणून थोडं सांगते. संघ करून, ठरलेल्या नियमांनी आणि पंचांसमोर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेला ई-स्पोर्ट्स म्हणतात. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक खेळ म्हणून होता. त्यात भुजच्या तीर्थ मेहतानं कांस्यपदक मिळवलं. पुढचं हांगझोऊचं एशियाड २०२३ मध्ये झालं, तेव्हा तो पदकाचा खेळ झाला होता. आपल्या केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला. त्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला त्यापासून वेगळं काढलं.

"पण तो पबजी बंद झाला होता ना?" आत्यानं विचारलं. बरोबरच होतं. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली. २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावानं आला, २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. परतताना अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली गेली.

आत्यानं ऐकून घेतलं. "खेळ चांगला असेल," ती म्हणाली, "पण मागच्या वर्षी त्या पोरीचं काय झालं ते विचार याला."

आतेभाऊ खाली बघायला लागला.

मागच्या वर्षी

मागच्या वर्षी त्यानं सहा मित्रांसह पहिली स्पर्धा भरवली होती. सोळा संघ, प्रत्येकी चार खेळाडू, म्हणजे चौसष्ट मुलं. मित्रांपैकी पाच जण आयत्या वेळी स्वतःच खेळायला बसले. नोंदणीच्या टेबलावर पहिल्या वर्षाची एक मुलगी होती. ती सकाळी नऊला बसली ती रात्री नऊपर्यंत. जेवणाचं कोणी विचारलं नाही. एका हरलेल्या संघानं गुण चुकले म्हणून तिच्याशीच वाद घातला. गुण ती लिहीत नव्हती, पण समोर तीच होती. रात्री तिचे वडील तिला न्यायला आले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतर तिनं याच्याशी बोलणंही सोडलं.

ही गोष्ट कॉलेजात पसरली. यंदा खेळायला सोळा संघ चार दिवसांत ठरले होते, पण काम करायला कोणी तयार नव्हतं. हॉल ज्यांच्याकडून मिळणार होता त्यांनीही अट घातली होती: जबाबदार माणसांची यादी द्या, नाहीतर चावी मिळणार नाही. हातात दहा दिवस होते आणि यादीत नावं दोन. एक त्याचं स्वतःचं आणि दुसरं त्याच्या रूममेटचं.

मी उत्साहानं पोस्टर लिहिलं. हिंदीत लिहिलं, इंग्रजीतही लिहिलं. टीममध्ये या, अनुभव घ्या, प्रमाणपत्र मिळवा, असं सगळं होतं. रंग छान होते, ओळी चटपटीत होत्या. दीडशेच्या आसपास लाइक आले. नाव एकाचंही आलं नाही.

मला जरा लागलंच ते. हेच तर माझं रोजचं काम आहे.

काकांची लॉगबुक

त्या रात्री काका सेकंड शिफ्ट करून आले. जेवताना त्यांनी पोस्टर वाचलं आणि विचारलं, "यात काम काय आहे ते कुठे लिहिलंय?"

ते लिहिलंच नव्हतं.

काका मग कारखान्याबद्दल बोलायला लागले. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. सुरुवातीची क्षमता वर्षाला दहा लाख टन पोलादाची. लोहखनिज दल्ली-राजहराहून यायचं, आजही येतं. रेल्वेला लागणारे रूळ ही भिलाईची खास ओळख. इथे १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो आणि असे दोन जोडून २६० मीटरचा करून पाठवला जातो. आपण नागपूरहून येतो तेव्हा गाडीखाली भिलाईचाच रूळ असण्याची शक्यता बरीच.

"आणि हे करायला आले कोण? तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, उडिया, आपले विदर्भातले, आणि इथले छत्तीसगढी. वर रशियन इंजिनियर. माझे वडील सांगायचे, सुरुवातीला एकमेकांचं बोलणं समजायचं नाही. पण प्रत्येकाला आपलं काम माहीत होतं, किती वाजेपर्यंत आहे ते माहीत होतं आणि अडलं तर कोणाला विचारायचं ते माहीत होतं. ओळखी नंतर झाल्या, कामातूनच झाल्या."

मी म्हटलं, "पण काका, तिथे पगार होता."

"तेच म्हणतो मी," काका म्हणाले. "आम्हाला पगार होता, तरी काम नीट सांगावं लागायचं. तुमच्या पोरांना पगारही नाही. मग त्यांना निदान काम तरी धड सांगा."

भट्टी रात्री बंद करून घरी जाता येत नाही. म्हणून तीन शिफ्ट. जाणारा माणूस येणाऱ्याला काय झालं, काय राहिलं ते सांगतो, वहीत लिहितो आणि मगच निघतो. "त्या पोरीला सोडवायला कोणी आलंच नाही," काका आतेभावाकडे बघून म्हणाले. "चूक तिथे झाली."

सेक्टर सहा ते सुपेला

दुसऱ्या दिवशी आम्ही पोस्टर बाजूला ठेवलं आणि एका वहीत कामं लिहून काढली. तुम्ही म्हणाल, मोबाइलच्या खेळाला माणसं कशाला लागतात? मलाही वाटलं होतं. यादी केली तेव्हा कळलं.

दारात नोंदणी करणारे दोघं. खेळाडूचं नाव, गेममधला आयडी आणि फोन जुळवून पाहणारे दोघं. प्रत्येक सामन्याआधी रूमचा आयडी आणि पासवर्ड सगळ्या संघांना एकाच वेळी देणारा एक. सामना चालू असताना खेळाडूंच्या मागे फिरणारे चार, कारण कोणी दुसऱ्याचा स्क्रीन पाहून इशारा केला तर खेळच बिघडतो. गुण लिहिणारा एक आणि ते तपासणारा दुसरा. मोठ्या पडद्यावर सामना दाखवणारा एक, माइकवर समजावून सांगणारे दोघं. वायफाय आणि वीज बघणारे दोघं. पाणी, खाणं, प्रथमोपचार, सफाई. आणि आत्याच्या सांगण्यावरून एक नवीन काम: पालक आले तर त्यांच्याशी बोलणारं कोणीतरी.

मग आम्ही गावात निघालो.

सेक्टर सहा हा भिलाईचा फार सुंदर भाग. इथली जामा मशीद पाहण्यासारखी आहे. तिच्या इमारतीचा आकार अरबीतल्या 'या अल्लाह' या अक्षरांसारखा आहे. जवळपासच गुरुद्वारा आहे आणि बंगाली लोकांची कालीबाडीही. आतेभावाच्या वर्गातल्या एकाचे वडील दुर्गापूजेच्या कामात असतात. त्यांना आम्ही विचारलं, तुम्हाला दर वर्षी मुलं कशी मिळतात?

ते हसले. "आम्ही मोठ्या मुलांना बोलावतच नाही. सात-आठ वर्षांच्या पोराच्या हातात प्रसादाचं ताट देतो. पंधरा वर्षांनी तोच हिशेबाची वही मागतो."

हे ऐकून मला एकदम आपली गणेश मंडळं आठवली. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालू आहे आणि त्याला कधी कार्यकर्त्यांसाठी जाहिरात द्यावी लागली नाही. तिथेही मूल आधी आरतीच्या वेळी टाळ वाजवतं, मग वर्गणीला मोठ्यांच्या मागे फिरतं, मग मांडवाच्या दोऱ्या धरतं. अध्यक्ष होईपर्यंत त्याला सगळं काम हातानं माहीत झालेलं असतं.

जगातही हेच दिसतं. नॉर्वेतल्या हामार गावात दर ईस्टरला 'द गॅदरिंग' नावाचा मोठा संगणक मेळा भरतो. १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेल्या बर्फावरच्या स्केटिंगच्या भव्य हॉलमध्ये हजारो मुलं आपापले संगणक घेऊन येतात, खेळतात, तिथेच झोपतात. हा मेळा १९९२ मध्ये सुरू झाला आणि तो चालवणारे शेकडो लोक स्वयंसेवक असतात.

सेक्टर सहातून निघताना आतेभावाला एक गोष्ट सुचली. पहिल्या फेरीत हरलेली मुलं दुपारपासून मोकळीच असतात. त्यांना खेळ कळतो, नियम कळतात, आणि घरी जायची इच्छा नसते. त्यांनाच पुढच्या फेरीत पडद्याजवळ उभं केलं तर? मागच्या वर्षी हरलेल्या संघांची यादी त्याच्याकडे होतीच. त्यानं एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. "स्वयंसेवक होशील का?" असं आता तो विचारत नव्हता. "शनिवारी दहा ते एक, आयडी तपासायचे आहेत, माझ्याऐवजी तू करशील का?" असं विचारत होता. संध्याकाळपर्यंत सात जण हो म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सुपेला. टाउनशिपची शांतता संपते आणि सुपेलाचा बाजार सुरू होतो. कपडे, भाजी, फटाफट बोलणारे दुकानदार आणि मोबाइल दुरुस्तीची छोटी छोटी दुकानं. एका दुकानात अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा भिंगातून मोबाइलच्या पोटात बघत बसला होता. कॉलेज सोडलेलं, छत्तीसगढी बोलणारा. आतेभावानं त्याला वायफायबद्दल काही विचारलं आणि त्यानं पाच मिनिटांत तीन चुका दाखवल्या. एका राउटरवर इतके फोन टाकले तर काय होईल, राउटर कुठे ठेवायचा, चार्जिंगचे पॉइंट किती हवेत.

"तूच येशील का?" मी विचारलं.

"मी तर कॉलेजात नाही," तो म्हणाला. "मला सर्टिफिकेट देऊन काय करणार?"

"मग काय देऊ?"

त्यानं जरा विचार केला. "माइकवर माझं नाव घ्या. दुकानाचं पण."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही आतापर्यंत फक्त कॉलेजातल्या आपल्यासारख्याच मुलांना शोधत होतो. भिलाईत काय, तुमच्या गावात काय, कामाची माणसं आपल्या ग्रुपच्या बाहेरच जास्त असतात. त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

मैत्रीबागेतली अट

नावं सतरा झाली, पण आतेभावाच्या मनात एकच नाव होतं. त्यानं तिला निरोप पाठवला आणि ताई सोबत असेल असंही लिहिलं. तिनं मैत्रीबागेत भेटायचं कबूल केलं.

मैत्रीबाग हे भारत-सोव्हिएत मैत्रीची आठवण म्हणून कारखान्यानं उभारलेलं उद्यान आणि प्राणिसंग्रहालय. इथले पांढरे वाघ प्रसिद्ध आहेत. मुलांना घेऊन अर्धा दिवस छान जातो. त्या दुपारी शाळेची एक सहल आली होती आणि वाघ मात्र सगळ्यांकडे पाठ करून झोपला होता.

ती आली. आतेभावानं माफीचं भाषण पाठ करून आणलं होतं. त्यानं सुरुवात केली आणि तिनं थांबवलं.

"माफी राहू दे. तुझ्याकडे ड्यूटी चार्ट आहे का?"

आम्ही वही दाखवली. तिनं पेन मागितलं आणि बेंचवर बसून वाचायला लागली. कोणालाही सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, असं तिनं लिहिलं. टेबलावर कधीही एकटी मुलगी बसणार नाही. मुली संध्याकाळी सातच्या आत घरी. जेवण आधी काम करणाऱ्यांना, मग खेळाडूंना. आणि शेवटची ओळ तिनं दोनदा गिरवली: वाद झाला तर तो टेबलावर येणार नाही, तो एकाच माणसाकडे जाईल, आणि त्या माणसाचा शब्द शेवटचा.

"तो माणूस कोण?" आतेभावानं विचारलं.

"तू. आणि त्या दोन दिवसांत तू एकही मॅच खेळायची नाही."

तो गप्प झाला. दोन वर्षं तो याच खेळाच्या मागे होता, यंदा त्याचा संघ चांगला होता. मग त्यानं मान हलवली.

ती येईन असं म्हणाली नाही. चार्ट तेवढा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या फोनवर चार्टचा फोटो आला. नोंदणीच्या रकान्यात दहा ते एकच्या पुढे तिचं नाव होतं आणि खाली तिच्या मैत्रिणीचं.

हॉलमधले दोन दिवस

माझी सुट्टी पाच दिवसांची, पण त्यात स्पर्धा बसत नव्हती. म्हणून तीन दिवस राहून मी परतले आणि पुढच्या शनिवार-रविवारी पुन्हा गाडीत बसले. पुन्हा दरेकसा, पुन्हा डोंगरगड.

हॉलच्या एका बाजूला सोळा टेबलं, दुसऱ्या बाजूला कॅरम आणि बुद्धिबळ. ही कल्पना काकांची. सोबत आलेल्या मोठ्या माणसांनी नुसतं का बसायचं? काकांचे दोन मित्र कॅरमला बसले ते दोन्ही दिवस उठले नाहीत.

सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. तेवीस नावांपैकी चार जण रविवारी आलेच नाहीत. तिसऱ्या सामन्याच्या मध्येच वीज गेली. सुपेलाच्या मुलानं राउटर आधीच इन्व्हर्टरवर टाकून ठेवला होता, त्यामुळे खेळ थांबला नाही, फक्त पंखे थांबले. आतेभावानं माइकवर त्याचं नाव घेतलं, दुकानाचंही घेतलं, आणि हॉलभर टाळ्या झाल्या. तो लाजून खाली बसला आणि उगाच एक वायर तपासायला लागला.

गुणांवरून वाद झालाच. एक संघ तावातावानं नोंदणीच्या टेबलाकडे निघाला. तिनं शांतपणे आतेभावाकडे बोट दाखवलं. तो पाच मिनिटं त्यांच्याशी बोलला, दोघांनी वेगवेगळे लिहिलेले गुण काढून दाखवले. संघ नाराज होऊन परतला, पण परतला.

सगळ्यात गंमत पालकांच्या टेबलावर. तिथे बसायला कोणी मिळेना, म्हणून आत्याच बसली. सकाळी तिला काही माहीत नव्हतं. दुपारी मी पाहिलं तर ती एका तेलुगू बाईंना हिंदीत समजावत होती, "देखो, पहला आया तो दस पॉइंट. दूसरे को छह, फिर पाँच, चार, तीन, दो, आखिर में एक-एक. और हर एक को मारने का एक पॉइंट अलग." मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाली, "मारणं म्हणजे खोटं खोटं हो, पण त्यांना तसं कसं सांगू?"

त्या बाईंचा मुलगा पहिल्या दिवशीच बाहेर पडला होता. आई घरी चल म्हणेल याची त्याला भीती होती. तिनं विचारलं, "आता इथे कोणाला मदत लागते का?" तो रविवारी पाण्याच्या कॅनजवळ उभा होता.

रविवारी शेवटी आतेभावानं एक जाड वही टेबलावर ठेवली. वर लिहिलं होतं, 'लॉगबुक'. काय चुकलं, काय राहिलं, पुढच्या वेळी कोण काय करणार, ते प्रत्येकानं जाताना लिहायचं. अकरा जणांनी पुढच्या वर्षासाठी नाव लिहिलं. त्या मुलीनं लिहिलं नाही. तिचं शेवटचं वर्ष येतंय, परीक्षा आहेत. पण तिनं आपला चार्ट वहीत चिकटवला आणि त्या पाणीवाल्या मुलाला बोलावून तो कसा भरायचा ते दहा मिनिटं समजावून सांगितलं. मग सातच्या आत घरी गेली.

तुमच्यासाठी

भिलाईला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला काळ. उन्हाळा इथे फार कडक असतो. रेल्वेनं दुर्गला उतरा, विमानानं आलात तर रायपूरहून गाडीनं या. मैत्रीबाग, सिव्हिक सेंटरची नेहरू आर्ट गॅलरी आणि सेक्टर सहा एका दिवसात होतं. भिलाई-३ जवळ देवबलौदा इथलं कलचुरी काळातलं शिवमंदिर पाहायला अर्धा दिवस ठेवा. सकाळी गरम चीला आणि फरा खा, सोबत टोमॅटोची चटणी मागा.

आणि तुमच्या घरातलं मूल अशा कुठल्या स्पर्धेला जायचं म्हणालं तर लगेच नाही म्हणू नका. आधी विचारा, पैसे लावायचे आहेत का? असतील तर स्पष्ट नाही म्हणा. नसतील तर पुढचं विचारा: तिथे काम कोण करतं, जेवण कोण देतं, भांडण झालं तर कोणाकडे जायचं? या प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे असतील तर ती स्पर्धा बहुतेक चांगलीच असेल. नसतील तर तुम्हीच जाऊन एक टेबल सांभाळा. आमच्या आत्यानं पुढच्या वर्षीचं टेबल आत्ताच सांगून ठेवलं आहे.